गार्नेट, काचेचे मणी आणि मेधाजी

३ जाने.
बंद पडलेला फ्रिज आडवा केला, वर काच बसवली, दाराला दोन भोकं पाडून रबरी हातमोजे लावले. झाला ब्लास्टिंगचा पेटारा. सासऱ्यांच्या स्कूटरचे भाग आत ठेवायचे, हवेच्या जोराने रेती मारायची, गंज उडवायचा. कल्पना विनयची, असं मला वाटलं होतं. नवरा इतका कल्पक? संध्याकाळी कळलं, कल्पना मेधाजींची. मेधा देवधर, समोर राहायला आलेली इंजिनिअर, पुण्याहून बदलून. याला इथल्या हिंदी रीतीने "विनयजी" म्हणते. मला "काकू". स्वतः चाळिशीची आहे! मी पन्नाशीची.

७ जाने.
बेतव्याची वाळू चाळून, उन्हात वाळवून ठेवली. आपल्या नदीची, फुकटची. विनयला पाऊण तास पटवलं. स्वदेशीपासून सुरुवात केली. पटलं त्याला. तेवढ्यात मेधा आली, चिमूटभर उचलून म्हणाली, "काकू, ही नको. फुटून तिची धूळ होते. फुफ्फुसात बसली की निघत नाही." विनयने पोतं उचलून अंगणात टाकलंसुद्धा. माझा पाऊण तास, तिची तीन वाक्यं.
नंतर वाचून पाहिलं. खरं आहे. म्हणून राग दुप्पट.

११ जाने.
कंप्रेसर लहान. दोन मिनिटं फुंकतो, मग धापा. म्हटलं, "मला लाव त्या नळीला, व्याख्यानात दीड तास थांबत नाही मी." विनय हसला नाही. पूर्वी हसायचा. "मेधाजी कह रही थीं, नोझल बारीक लावा, मग हवा पुरेल." ती मराठी, हा मराठी, तिचं नाव घेताना याला हिंदी का सुचते?
नोझल बदललं. पुरतेय हवा.

१६ जाने.
लोखंडाला गार्नेट, ती लालसर रेती. इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या झाकणाला काचेचे बारीक मणी, तेही कमी दाबाने. मेधाचा हुकूम. मणी अजून यायचेत. विनय ऑफिसात असताना मी झाकण गार्नेटनेच मारलं, पूर्ण दाबाने. त्याला चकित करायचं होतं.
झाकण पाट्यासारखं खरबरीत. विनयने त्यावरून बोट फिरवलं. "राहू दे."
ओरडला असता तर उत्तर होतं माझ्याकडे.

२०
शनिवारी इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान. लग्नापासून विनय पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी खुर्ची. त्याची मान हलली की माझं पुढचं वाक्य निघतं. त्याच दुपारी मेधाकडे बिजौलीच्या कारखान्यातून मोठा कंप्रेसर येतोय. "उतरवून, एकदा चालवून येतोच."
"नाही आलास तरी चालेल," म्हणाले मी.
त्याला ते खरं वाटलं की काय.

२४, शनि.
सुरुवात केली तेव्हा खुर्ची रिकामी. मग आला. भुवयांवर लाल धूळ. मेधा मागच्या रांगेत. मी पेटले. इतकं चांगलं कित्येक वर्षांत बोलले नव्हते. प्रत्येक टाळी विनयने सुरू केली, बरोबर जागी. मान हलवली, बरोबर जागी.
संपल्यावर जवळ आला. "मस्त झालं!" जरा मोठ्यानेच.
मेधा मागून म्हणाली, "विनयजी, ते काढा आता." आणि स्वतःच्या कानाकडे बोट केलं.
त्याच्या दोन्ही कानांत नारिंगी बोळे. कंप्रेसरच्या आवाजासाठी घातलेले. भाषणभर!
काढले, हसला. "अगं, तू कुठे थांबतेस ते मला पाठ आहे."
हे प्रेम, की...
मेधाने मात्र माझी दोन वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. मग पर्समधून झाकणासाठीच्या काचेच्या मण्यांची पिशवी काढली. विनयने हात पुढे केला.
पिशवी तिने माझ्या हातात दिली.