दुपारी सरकणारी भिंत

काका, मरोळच्या आपल्या गाळ्यातून समोर दिसणाऱ्या कंपाउंडच्या भिंतीवर तुम्ही रंगवलेली काळी फुली अजून आहे. दर दिवाळीला मी तिला नव्याने रंग देतो, जुन्या रेषेबाहेर ब्रश जाऊ देत नाही. तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. नंतर आपल्याकडे जुळवायला येणाऱ्या जमीन मोजायच्या यंत्रांत दुर्बिणीबरोबर कॅमेरा येऊ लागला. आता दुर्बिणीतून फुली धरायची, मग तीच पडद्यावर बघायची आणि दोन्हींत जेवढा फरक दिसेल तेवढी दुरुस्ती यंत्रात भरायची. हे मला कुणी शिकवलं नाही. बारावी अर्धवट सोडलेली, त्यामुळे इंग्रजी पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली आणि अडलो तिथे तुमचं ऐकलं.

तुमचं म्हणजे तो पहिला आठवडा. साइटवरून आलेलं तापलेलं यंत्र मी लगेच स्टँडवर चढवतो आणि तुम्ही माझा हात धरता. "मेल्या, तू धावत इलस तर लगेच भजन म्हणशीत काय? त्येका पण दम खाऊ दी." मग अर्धा तास यंत्र सावलीत आणि आपण दोघं कटिंग चहा घेऊन बाकावर. तेव्हापासून मी प्रत्येक यंत्र अर्धा तास बंद ठेवतो, मग चालू करून लगेच माप घेतो. कॅमेऱ्याच्या यंत्रांचंही तसंच केलं.

गेल्या सोमवारी मुलुंडच्या साइटवरून इंजिनीयरचा फोन आला. तिथे पायाच्या खड्ड्याला लागून जुनी चाळ आहे. तिची भिंत हलते का, हे मी तपासून दिलेल्या यंत्राने रोज बघतात. "चालू केलं की भिंत बरोबर, दुपारी सरकलेली! लोकांनी सामान बांधायला घेतलंय यार. भिंत चालतेय की तुमचं मशीन?"

मी गाळ्यातलं दुसरं यंत्र फुलीवर धरलं आणि चालूच ठेवलं. वीस मिनिटांत पडद्यावरची फुली तीन पिक्सेल डावीकडे गेली. दुर्बिणीत ती जागच्या जागी. चालू राहिला की कॅमेरा आतून तापतो, चित्र सरकतं, आणि मी सगळे कॅमेरे गार असताना जुळवले होते.

तेव्हापासून डोकं चालत नाही. दम खाऊ दे म्हणजे गार होऊ दे, की कामावर असतं तसं होऊ दे? यंत्र बंद ठेवायला तुम्ही सांगितलं होतं, की ते मीच ठरवलं? आठवायला बसलो की कधी तुमचं बोट बटणावर दिसतं, कधी नुसता चहाचा ग्लास.

मी इंजिनीयरला फोन करून कारण सांगितलं आणि यंत्र परत मागवलं. तो म्हणाला, "गार असताना जुळवायचं हे ठरवलं कुणी?"

"आमच्या काकांची पद्धत आहे."

"मग द्या त्यांना फोन."

"ते नाहीत," मी म्हटलं, तुम्ही जरा खाली गेला असाल तसं.

काल ते यंत्र तासभर चालू ठेवून जुळवलं आणि पाठवलं. तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठेच जायचा नाही, तरी त्याचं शुद्धलेखन दोनदा तपासलं. ती पद्धत कदाचित माझीच होती हे सांगायला इंजिनीयरला मात्र अजून परत फोन केलेला नाही.