भोंग्याची शिट्टी

३ जून

चि. भोंग्यास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं. आत तुझी वीस वर्षांची पितळी शिट्टी आणि 'आता ही मला लागणार नाही' अशी चिठ्ठी! फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते. तुझी बायको सांगत होती की दिवसभर पडदे ओढून पडून असतोस, जेवायलाही सगळ्यांबरोबर बसत नाहीस, आणि शाळेतली खेळशिक्षकाची नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवला आहेस. लहानपणी तुझ्या रडण्यानं अख्खी गल्ली जागी व्हायची, म्हणून तुला हे नाव पडलं. तो आवाज कुठे गेला? थापा मारल्यास तर दारात येऊन उभी राहीन.

लोभ असू दे, जोडीला राग असला तरी चालेल.
तुझी ताई

१२ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काय लपवू? दोन वर्षं हिरड्यांतून रक्त येतंय. घोटा मुरगळला की मी मुलांना पायाला विश्रांती द्यायला सांगतो. म्हटलं, हिरड्यांनाही द्यावी. तिथे ब्रश लावणंच बंद केलं. हिरड्या आणखी सुजल्या, पुढचे दोन दात हलायला लागले. शिट्टी मी दातांत धरतो, हात इशाऱ्यांना मोकळे लागतात ना! मार्चमधल्या सामन्यात ती निसटली आणि सदऱ्यावर रक्त सांडलं. मुलं घाबरली. तेव्हापासून तोंडावर हात धरून बोलतो, आणि आता बोलणंच नकोसं झालंय. सकाळी उठावंसं वाटत नाही. अर्ज तीस तारखेला देतो.

तुझ्या लोभाला मी लायक नाही, तरी तो कमी करू नकोस.
भोंगा (आता नुसता नावाचा)

१८ जून

चि. भोंग्यास, अ. उ. आ.

अरे शहाण्या! हिरडीला घोटा समजणारा खेळशिक्षक जगात तू एकटाच. आधी रडले, मग हसले, मग परत रडले. तुझं पत्र घेऊन तडक आमच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, रक्त येतं तिथेच हलक्या हातानं घासायचं असतं. शिवाय मोठ्या माणसांत हिरड्यांचं दुखणं आणि मनाचं खचणं बरेचदा जोडीनं दिसतं. आधी कोण आलं ते सांगणं कठीण. मन खचलं की माणूस दात घासत नाही, तोंड बिघडलं की चारचौघांत जात नाही. म्हणून दोन्हींवर एकदम उपाय करायचा. तू आळशी नाहीस, आजारी आहेस, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. तुझ्याकडच्या दोन डॉक्टरांचे पत्ते सोबत आहेत, एक हिरड्यांचे, एक मनाचे. अर्ज सहा महिने कपाटात ठेव. शिट्टी मात्र तू मागितल्याशिवाय मिळणार नाही.

पत्राची वाट बघणारी,
ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हिरड्यांची साफसफाई चार खेपांत झाली. हलणारे दात बारीक तारेनं शेजाऱ्यांना बांधलेत. मनाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा अर्धा तास गप्प बसलो, दुसऱ्यांदा त्यांनाच बोलू दिलं नाही. गोळ्याही चालू आहेत. मध्ये आठवडाभर पुन्हा पडदे ओढले होते. ही रोज ब्रश घेऊन शेजारी उभी राहिली. काल मी सगळ्यांबरोबर जेवलो आणि हसलोसुद्धा, हात न धरता. अर्ज फाडला.

ताई, माझी शिट्टी पाठव.
तुझा भोंगा

२ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि पंच मी होतो! शिट्टी दातांत धरायला डॉक्टरांची सक्त मनाई, म्हणून मुठीत धरली. शेवटच्या मिनिटाला मी पेनल्टी दिली आणि सगळं मैदान माझ्या अंगावर धावून आलं. मी छाती भरून शिट्टी फुंकली. ताई, सगळे जागच्या जागी थांबले! बंद खोलीत बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सर, तुम्ही परत आलात हे आम्हाला आतच कळलं.

सोबत फोटो आहे. बत्तीस दात मोजून घे, आणि माझे दोन्ही हात कुठे आहेत तेही बघ.

तुझ्या लोभानेच उभा राहिलेला,
भोंगा (वाजता)