कोकरू कुणाचं

२ ऑगस्ट, शनिवार

पोचलो बाई एकदाचे! हेटी गाडीच्या मागच्या सीटवर शिवणयंत्र, कापडाचे तागे आणि लोकरीची पोती यांच्यात अशी रुतून बसली होती की नुसतं नाक दिसत होतं. तरी होबार्टपासून इथपर्यंत गात आली. पाच वर्षांच्या पोरीला एवढा दम कुठून येतो कोण जाणे.

घर मेंढ्यांच्या कुरणातच आहे. लोकर कातरणारे गडी पूर्वी हंगामात इथे राहायचे, आता संध्याकाळी गाड्या काढून आपापल्या घरी जातात, म्हणून रिकामं होतं. दोन खोल्या, लाकडाची शेगडी, आणि मागे पत्र्याची शेड. ती शेड म्हणजे माझा कारखाना. मी आल्या आल्या खिडकीखाली यंत्र मांडलं आणि उगाचच एक टीप मारून पाहिली.

मालकीणबाई ग्लेनिस प्रिचर्ड भोपळ्याचे स्कोन, गरमागरम छोटे पाव, घेऊन आल्या. साठी कधीच ओलांडलेली, हात मात्र खाणीतल्या कामगारासारखे. मला 'पोरी' म्हणतात, मी तिशी उलटलेली बाई, तरी ते चालवून घेतलं. खेळणी विकून पोट भरतं का गं, असं विचारलंन. झालं, माझं भाषण सुरू. माझ्या खेळण्यांसाठी कुठल्या कारखान्यात कुणा बाईला पिळलेलं नाही, आत प्लॅस्टिक भरलेलं नाही, जनावर मारलेलं नाही, वगैरे. त्या शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, छान बोलतेस, आता लोणी लाव, गार होतायत.

हेटीचा बाप मेलबर्नला दुसरा संसार मांडून बसलाय. आम्ही दोघीच आता एकमेकींच्या. पण आज खरंच वाटतंय की जमेल.

७ ऑगस्ट, गुरुवार

इथे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, दक्षिणेचा वारा सुटला आणि टेकड्यांवर बर्फ पडला. मेंढ्या विण्याचा हंगाम, नवी कोकरं पटापट गारठून गेली. सकाळी कुंपणालगत पांढरे बोचके पडलेले दिसले. हेटीला वाटलं बर्फच.

ग्लेनिसचे यजमान डग बाहेर मेलेल्या कोकरांची कातडी काढत होते. मी बघत राहिले. त्यांनी समजावून सांगितलं. जिचं कोकरू मेलं ती मेंढी, आणि ज्याची आई मेली ते पोरकं कोकरू, या दोघांची गाठ घालायची असते. मेंढी परक्या पोराला ढुशी मारून हाकलते. मग मेलेल्याची कातडी त्या पोरक्याला झबल्यासारखी चढवायची. आई हुंगते, आपल्याच पोराचा वास येतो, पाजायला उभी राहते. दोन-चार दिवसांनी कातडी काढली तरी चालतं. डग म्हणाले, आईचं डोकं नाकात असतं, पोरी.

आणि मला वीज चमकल्यासारखं सुचलं. आपोआप मेलेल्या कोकरांची कातडी! कुणालाही न मारता खऱ्या लोकरीचं मऊ कोकरू! शहरातल्या बाया उड्या मारून घेतील. मी डगना म्हटलं, कातडी सगळी मला द्या, पोरक्यांना मी बाटलीने पाजीन. ते मान खाजवत राहिले. कातडीचं काम कातडीने करावं, नाहीतर त्या मेंढ्या पोरं शोधत बसतात, असं काहीसं पुटपुटले. पण पोरकी कोकरं सांभाळायचा ताप वाचणार म्हणून शेवटी हो म्हणाले.

पोरकी आता शेगडीपाशी खोक्यात आहेत. हेटीला स्वर्ग मिळालाय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहिली कोकरं शिवून तयार! कातडी कमवायला रसायनं वापरली नाहीत, नुसतं मीठ आणि तुरटी. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यामुळे जरासा वास राहिलाय, दुधाळ, उबदार. मला तर आवडला. ग्लेनिसनी एक हुंगून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, हे खेळणं नाही, हे कोकरूच आहे. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

सगळी विकायची होती, पण एक हेटीने बळकावलं. नाव ठेवलं बटण. जेवायला बटण, आंघोळीला बटण, झोपायला बटण. पोटाशी धरून झोपते. तिच्या केसांनासुद्धा आता तोच वास येतो. बाकीची कोकरं शनिवारच्या बाजारासाठी फळीवर मांडून ठेवलीत, ओळीने. सुरेख दिसतात, मीच आपली पाठ थोपटून घेते.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बाजारात सगळा माल खपला, आता नवी मागणी आलीय. आनंदाने नाचायला हवं. पण एक गंमत घडतेय, गंमतच म्हणायची.

मेंढ्या येऊन कुंपणाला उभ्या राहतात. शेडच्या बाजूच्याच कुंपणाला. सगळ्या नव्हे, ज्यांची कोकरं गेली त्याच, डगनी त्यांच्या पाठीवर निळ्या खडूची खूण केलीय ना. सकाळपासून ओरडत असतात. यंत्राचा आवाजही ऐकू येत नाही. डग म्हणाले, तुझ्या दुकानाला गिऱ्हाईक लागलंय, फक्त पाकीट विसरलंय. मीही हसले.

संध्याकाळी मात्र खिडकीचे पडदे ओढून घेतले. मेंढ्यांना लाजायचं काय, पण ओढले खरे.

२ सप्टेंबर, मंगळवार

त्या ओरडायच्या थांबल्या. हे जास्त वाईट आहे.

कुंपणाची तार वाकवून आत आल्या आणि घराभोवती उभ्या आहेत. चरत नाहीत. भर दुपारी, लख्ख उन्हात, चाऱ्याकडे पाठ करून नुसत्या बघतात. डगनी कुत्र्याला सोडलं. तो पायरीपर्यंत आला, शेपूट पोटाखाली घालून गाडीखाली जाऊन बसला. डग त्याला शिव्या देत होते, पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता. आपल्या हातांनीच एकेकीला ढकलत नेलं. संध्याकाळी त्या परत आल्या.

मला वाटत होतं त्या शेडकडे बघतात. आज नीट पाहिलं. हेटी ज्या खोलीत असेल त्या खोलीच्या खिडकीकडे तोंडं वळतात. ती स्वयंपाकघरात आली की सगळ्या तिकडे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आधी लिहून काढते.

सकाळी चहा ठेवला आणि हेटीला उठवायला गेले तर अंथरूण रिकामं. मागचं दार उघडं. ती त्यांच्यात होती. दवात अनवाणी, गुडघ्यांवर, बटण काखोटीला. एक म्हातारी मेंढी तिचं डोकं हुंगत होती आणि घशातल्या घशात घुरघुरत होती. तो आवाज मला आता ओळखू येतो. नुकत्याच जन्मलेल्या कोकराशीच त्या तसं बोलतात, एरवी कुणाशी नाही.

मी किंचाळत धावले. त्या बाजूला झाल्या, पण पळाल्या नाहीत. हेटीच्या हनुवटीवर दूध होतं.

घरी आणून लापशी दिली. खाल्ली नाही. पोट भरलंय म्हणाली.

६ सप्टेंबर, शनिवार

बाजाराला गेले नाही. फळीवरची सगळी कोकरं, अर्धवट शिवलेली, उरलेली कातडी, सगळं कुंपणापाशी नेऊन टाकलं. म्हटलं घ्या तुमचं, माफ करा, जा. बटणही हेटीच्या हातातून ओढून फेकलं. ती अशी रडली की काळीज फाटलं.

त्यांनी एकेक हुंगलं. आणि सोडून दिलं. मेलेलं ते मेलेलं, त्यांना कळतं. परत खिडकीशी आल्या. जिवंत काय आहे तेही त्यांना कळतं.

त्यांना माझी पोर हवीय. माझं जगात दुसरं काही नाही आणि त्यांना तीच हवीय.

गाडीत घालून होबार्टला पळावं म्हणून निघाले. फाटकात त्याच मेंढ्या उभ्या. चाकांपुढे आडव्या झोपल्या. मी हॉर्न वाजवत बसले, मग रडत बसले.

७ सप्टेंबर, रविवार

ग्लेनिस धावत आल्या. सगळं ऐकल्यावर हसल्या नाहीत, याचंच मला भय वाटलं. म्हणाल्या, वास पोरीवर बसलाय, धुऊन काढ. लग्न होऊन त्या इथे नव्या आल्या तेव्हा दया येऊन त्यांनी चिखलात भरलेलं कोकरू साबणाने स्वच्छ धुतलं होतं. त्याच्या सख्ख्या आईने त्याला ढुशा मारमारून हाकललं. धुतलेलं पोर कुठलीच आई घेत नाही गं, म्हणाल्या.

कढत पाणी, कार्बोलिक साबण, निलगिरीचं तेल. दोघींनी मिळून घासलं. हेटी ओरडत होती, कातडी लाल झाली. केस कापून शेगडीत घातले. कपडे बदलले. मग ग्लेनिसनी तिला उचलून पायरीवर उभं केलं.

ती म्हातारी मेंढी पुढे आली. हुंगलं. कान मागे टाकले आणि पोरीच्या पोटात डोकं हाणलं! हेटी धपकन पडली. आणि त्या वळल्या. सगळ्या. टेकडीकडे चालत गेल्या आणि गवत खायला लागल्या, साध्या मेंढ्यांसारख्या.

मी आणि ग्लेनिस गळ्यात गळे घालून रडलो. जिवात जीव आला. हेटी माझी आहे. माझीच.

८ सप्टेंबर, सोमवार

कुरण शांत आहे. ऊन पडलंय.

मी रोज झोपताना हेटीच्या कानामागे नाक खुपसते. तिथे तिचा वास येतो, ताज्या पावासारखा, थोडा घामट. ती पोटात होती तेव्हापासून मला माहीत असल्यासारखा. काल खुपसलं. काहीच नाही. साबण. साबणाच्या खालीही काही नाही.

आज उन्हात खेळवलं, घाम येऊ दिला, परत पाहिलं.

काही नाही.

वेडे विचार येतात. दमलेय मी, एवढंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

ती मला आई म्हणते तेव्हा अंगावर काटा येतो. चेहरा तोच, आवाज तोच. कापलेले केस. सगळं तेच, मला दिसतंय की — पण ती जवळ आली की माझी मान आपोआप मागे जाते.

दुपारी कुशीत शिरायला आली. मी डोकं खाली घातलं आणि — मी ढकललं तिला. डोक्याने. ती शेगडीवर आपटता आपटता राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. देवा, कसं पाहिलं.

मी माफी मागितली. लांबून.

ग्लेनिसला फोन केला. म्हणाल्या, झोप काढ, सकाळी येते. त्यांना खरं सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं की हेटीला घेऊन जा, माझ्यापासून लांब घेऊन जा. तोंडाशी आलं आणि निघेना —

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी ग्लेनिस आल्या. दार उघडलं नाही. कडी आतून लावून बसले. बऱ्याच वेळाने गेल्या. डग रात्री गावाहून परतले की त्यांना घेऊन येते म्हणाल्या.

ती कोपऱ्यात बसलीय. ताटली पायाने तिच्याकडे सरकवली. रडू नकोस म्हटलं, ऐकत नाही. तो आवाज — माझ्याच्याने सहन होत नाही तो आवाज. परकं पोर रडतं तसा.

मग माझी कुठे आहे?

हेटी. हेटी कुठे गेली? भीती वाटतेय. फार भीती वाटतेय. माझी पोर हरवलीय आणि कुणालाच —

संध्याकाळ

सापडली!

आंघोळीआधी काढलेला तिचा स्वेटर टोपलीच्या तळाशी होता. न धुतलेला. नाक खुपसलं आणि — ताजा पाव, घाम — तिचाच वास!

खोक्यातल्या सगळ्यात धाकट्या कोकराला तो चढवला. बाह्या जरा लांब होतात. पण हुंगलं आणि — माझी. माझीच ती! मांडीवर आहे आता. उबदार. मी घशातल्या घशात तिच्याशी बोलतेय, तिला कळतं.

त्या दुसरीला बाहेर काढलं. तिची जागा इथे नाही.

बर्फ भुरभुरतोय. बाहेर कुणाचं तरी पोर दार वाजवतंय. मघापासून. हाका मारतंय. एवढ्या थंडीत असं उघड्यावर — कुणाचं असेल बिचारं — येईल त्याची आई शोधत, आणि —