एक्स-रे कुठं अडकत होते

अण्णा, मी नेमकं काय काम करते हे तुम्ही दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगून मोकळी झाले होते. चिकलठाण्याच्या कारखान्यात तुम्ही आयुष्यभर फिटर. काम म्हणजे हाताला ग्रीस लागलंच पाहिजे, असं तुमचं मत. आज सांगते. शहरातल्या एका दवाखान्याचे सर्व्हर मी सांभाळते. खोलीत मोठं यंत्र एकच आहे, पण त्याच्या आत सॉफ्टवेअरनं आम्ही दहा-बारा यंत्रं उभी केलीत. त्यांना व्हीएम म्हणतात. एक केसपेपरचं, एक औषधांच्या साठ्याचं, एक एक्स-रेचं. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत आणि डिस्क आपल्याच मालकीची आहे. खरं तर प्रत्येक फाईल वाचताना-लिहिताना मधे ते मोठं यंत्र असतं.

या उन्हाळ्यात एक्स-रेचे फोटो डॉक्टरांच्या स्क्रीनवर उशिरा यायला लागले. आधी थोडे, मग फारच. पेशंट वाढले होते, फोटोही. बाह्यरुग्ण विभागात गर्दी झाली की डॉक्टर क्लिक करून नुसते बसायचे. एक्स-रे विभागात एक ताई आहेत, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, पडेगावहून येतात. फोटो काढून पाठवायचं काम त्यांचं, म्हणून तक्रार त्यांच्यावर गेली. त्या माझ्याकडं आल्या. "म्याडम, मी तर लगेच पाठवायलेय. तुमच्याकडंच कुठंतरी अडकतंय, बघा की." मी स्क्रीनकडं एक नजर टाकली. प्रोसेसर निवांत, मेमरी भरपूर. म्हटलं, "सर्व्हर ठीक आहे, ताई." तरी त्यांच्या समाधानासाठी त्या व्हीएमला आणखी मेमरी दिली. काही फरक पडला नाही, आणि त्यामुळं तर माझी खात्रीच झाली की दोष ताईंच्याच बाजूला आहे. दवाखान्याच्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी तेच सांगितलं. दोन दिवसांनी ताईंकडून लेखी खुलासा मागितला गेला.

त्याच आठवड्यात पैठणकडची एक म्हातारी आली. पडून खुब्याचं हाड मोडलेलं. मी दुसऱ्याच कामानं तिथून जात होते. म्हातारी स्ट्रेचरवर कण्हतेय, डॉक्टर स्क्रीनसमोर बसलेत, स्क्रीनवर गोल फिरतंय. तिचा मुलगा सारखा विचारतोय, "फोटो तर कवाच काढला की. आता कशाची वाट बघायले?" डॉक्टर पुन्हा क्लिक करतात. दाराशी उभ्या असलेल्या ताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. मी मान वळवली.

घरी गेल्यावर स्वयंपाक करताना तुमची आठवण आली. मी सातवीत असेन. आईच्या शिलाई मशीनचे टाके सुटत होते, लोकांचे ब्लाउज अडकून पडलेले. मी म्हटलं, आईलाच नीट चालवता येत नाही. तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन नुकतेच जेवायला बसला होता. "तू तिच्याजवळ बसून बघितलंस का? नाय ना? मग कशाला बोलायलीस?" हात धुऊन तुम्ही आईशेजारी जमिनीवर बसलात आणि ती शिवत असताना मशीनकडं बघत राहिलात. मग सुई काढली. तिची चपटी बाजू भलतीकडं होती. "रविवारी मीच बदलली होती," तुम्ही आईला म्हणालात. आईनं हुश्श केलं आणि पुन्हा शिवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक्स-रेच्या खोलीत खुर्ची टाकून बसले, लॅपटॉप मांडीवर. ताई फोटो काढतात, बटण दाबतात, पुढच्या पेशंटला हाक मारतात. कुठंही उशीर नाही. मग मी प्रोसेसर सोडून डिस्क बघितली. तिथं फाईलींच्या मागण्यांची रांग लागलेली. प्रोसेसर निवांत दिसत होता, कारण तो डिस्कची वाट बघत बसला होता. त्या व्हीएमची सेटिंग उघडली तर डिस्क जुन्या पद्धतीची निवडलेली. म्हणजे मोठं यंत्र प्रत्येक वाचण्या-लिहिण्याला एका जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करत बसतं, पायरी पायरीनं. फोटो थोडे असतात तोवर हे खपून जातं. दुसरा प्रकार असतो, त्यात नक्कल नाही. व्हीएम आपली मागणी गठ्ठ्यानं थेट पुढं देतं. त्यासाठी आत एक छोटं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, आधी बसवावं लागतं. जुना सर्व्हर बंद पडायला आला होता तेव्हा हे व्हीएम घाईत उभं केलेलं. ड्रायव्हर न बसवता चालू व्हावं म्हणून जुना प्रकार निवडलेला. खाली शेरा होता, "नंतर बदलणे". निवडणारीचं नाव माझं होतं.

रविवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद असताना काम केलं. आधी पूर्ण प्रत काढून ठेवली. मग ड्रायव्हर बसवला आणि नव्या प्रकारची एक छोटी रिकामी डिस्क जोडली, म्हणजे व्हीएमला ड्रायव्हरची ओळख होते. मग मूळ डिस्कचा प्रकार बदलला. व्हीएम चालू करून स्क्रीनकडं बघत बसले. झालं चालू. सोमवारी डॉक्टरांनी क्लिक केलं आणि फोटो समोर. चालायला लागलं की कुणी बोलत नाही, हे तुम्हालाही माहीत होतं.

ताईंना मी गुरुवारी सांगितलं. त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "चूक माझी होती. साहेबांना लेखी दिलंय, तुमच्याकडं मागितलेला खुलासा ते रद्द करतायत." त्या एक्स-रेची प्लेट पुसत होत्या. "मला म्हाईत होतं," म्हणाल्या, "पण मला विचारतंय कोण?" मग बाहेर बसलेल्या पेशंटला त्यांनी आत बोलावलं. मी निघाले. त्या माझ्याशी आता पूर्वीसारखं बोलतात की नाही, मला अजून नीट कळलेलं नाही.

अण्णा, हे सांगायला रविवार ते गुरुवार चार दिवस गेले. साहेब बाहेरगावी होते, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंही आहे. पण सोमवारी काम चालल्यावर मी पुन्हा ती नोंद उघडली होती. माझं नाव तिथून पुसता येतं का, हे बघायला. येत होतं. बराच वेळ मी माउसवर हात ठेवून बसले. पुसलं नाही. पण बसले होते, हे मी ताईंना सांगितलं नाही, साहेबांना नाही, घरीही नाही.