राजीनामा, स्वखुशीने नव्हे

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा हात, सध्या खांद्यापासून पुढे जायला तयार नाही. तेव्हा हा सप्तांग समजून गोड मानून घ्यावा. उरलेलं अंग डॉक्टरांनी परवानगी दिली की पाठवतो.) मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा रक्तदाब ठीक असणार हे धरूनच चालतो, कारण परवा फोनवर तुम्ही ज्या पट्टीत ओरडलात ती काही आजारी माणसाची पट्टी नव्हे. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तसे आम्ही नाही.

"माझ्या शब्दावर मिळालेली नोकरी, सतरा वर्षांची, ती तू भरपाई चालू असताना सोडलीस! अक्कल काय गहाण टाकलीस?" एवढं बोलून तुम्ही फोन आपटलात. मला तोंड उघडायलाही मिळालं नाही. म्हणून पत्र लिहितोय. फोन आपटता येतो, पत्र आपटलं तर साधा आवाजसुद्धा होत नाही. तेव्हा आता शांतपणे वाचा. (शांतपणे हे तुमच्यासाठी. मी शांत नाही.)

मामा, गादीच्या कारखान्यात माणूस जखमी झाला म्हटलं की लोक आधी हसतात हे तुम्हाला ठाऊक आहे का? दवाखान्यातली नर्स हसली. बँकेतला कारकून हसला. माझा सख्खा साडू पोट धरून हसला आणि म्हणाला, अंगावर काय पडलं, उशी? सात महिने झाले, प्रत्येकाला समजावून सांगतोय की बाबांनो, गादीच्या पोटात लोखंडी स्प्रिंग असतात, त्यांचं दाबून बांधलेलं बंडल माझ्या बायकोपेक्षा जड असतं (हे तिच्यासमोर सांगत नाही), आणि ते ढकलगाडीवरून नेताना गाडीचं चाक निखळलं, तर बंडल सरळ खांद्यावर येतं. माझ्या आलं. हाड दोन ठिकाणी मोडलं. आता हात छातीच्या वर जात नाही. शर्ट घालायचा तर आधी खांद्याची मनधरणी करावी लागते, ओरडलं तर तो उलट जास्त दुखतो.

भरपाई सुरू झाली, हे खरं. दर आठवड्याला विमा कंपनी पगाराचा काही भाग देत होती आणि दवाखान्याचा खर्च वेगळा. मी घरी बसून ऐश करत होतो असं जे तुमच्या कानावर आलंय ते मात्र साखरसाहेबांनी घातलेलं आहे. साखरसाहेब म्हणजे आपले कामगार अधिकारी. (निवृत्त होईपर्यंत तुम्ही त्यांना 'साहेब' एवढंच म्हणत होता. आम्ही सगळे पाठीमागे साखरसाहेब म्हणतो, कारण ते माणसाला नोकरीवरून काढतानासुद्धा चहात साखर किती हवी ते विचारतात.) चौथ्या महिन्यात त्यांचा निरोप आला, की डॉक्टर हलकं काम चालेल म्हणतात, तेव्हा कामावर या, तुमच्यासाठी खास हलकं काम शोधलंय.

हे खास काम जिन्याखालच्या खोलीत होतं. खोलीला खिडकी नाही. खुर्चीला चार पाय, पण एकाच उंचीचे दोनच. समोर एक पिंप, त्यात गादीवर टाके घालतात ना, ती कापडी बटणं. मी काय करायचं, तर पांढरी बटणं एका डब्यात टाकायची आणि जरा कमी पांढरी दुसऱ्या डब्यात. आठ तास. ज्या माणसाने सतरा वर्षं स्प्रिंगचं मशीन आवाजावरून दुरुस्त केलं, त्याने बटणांचा रंग बघत बसायचं. तरी मी म्हटलं, ठीक आहे, अर्धा पगार आणि उरलेली भरपाई खातोय, बटणं तर बटणं. इमानेइतबारे निवडली. तिसऱ्या आठवड्यात मला शंका आली, की पिंप कमी का होत नाही? म्हणून पाच बटणांच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक फुली मारली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्यातली तीन पुन्हा माझ्या हातात! मामा, रोज संध्याकाळी मी गेलो की दोन्ही डबे परत पिंपात ओतत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मधल्या वाटेवर दुखऱ्या खांद्यातही थांबून गेली.

मी ती तीन बटणं घेऊन साखरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बटणांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला इथे करमत नाही, हे मला दिसतंय हो. कोणी बांधून ठेवलेलं नाही. कागद मी तयारच ठेवलाय." आणि खणातून खरंच कागद काढला. टाइप केलेला. 'मी स्वखुशीने राजीनामा देत असून दुखापतीबाबत माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही.' खाली माझं नाव, फक्त सही बाकी. तारीख बघितली तर दोन महिन्यांपूर्वीची! म्हणजे बटणं निवडायला मला बसवलं त्याच्याही आधी हा कागद तयार होता.

मी सही केली नाही. (हे तुम्ही लक्षात घ्या. परवा फोनवर तुम्ही मला अविचारी म्हणालात.) मी सरळ कामगार संघटनेच्या वकीलबाईंकडे गेलो. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एवढीशी खोली आहे. खालून करवतीचा आवाज येतो आणि त्या त्याच्या वरच्या आवाजात बोलतात, त्यामुळे आपलं प्रकरण रस्त्यावर सगळ्यांना कळतं. त्या म्हणाल्या, "भरपाई दुखापतीची असते. नोकरी सोडलीत म्हणून खांदा बरा होणार आहे का? पण स्वतःहून सोडलीत तर आठवड्याचे पैसे अडवायला त्यांना आयतं निमित्त मिळेल. म्हणून सोडायचीच असेल तर एक ओळसुद्धा मला दाखवल्याशिवाय लिहून देऊ नका." मी मान डोलावली. शपथ घेतली म्हणा ना.

ती शपथ नऊ दिवस टिकली.

झालं असं, की आमच्या घरासमोर चार दिवस एक करडी गाडी उभी होती. आत एक माणूस, मांडीवर कॅमेरा. विमा कंपनीने पाठवलेला. मी खरंच जखमी आहे की सोंग करतोय, ते बघायला. आम्हाला काय माहीत? तुमच्या भाचेसुनेला वाटलं, बिचारा घरातून भांडून आलाय. (तिने दुसऱ्या दिवशी त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली. त्याने घेतली. निर्लज्जपणाला काही सीमा!) पाचव्या दिवशी गाडी गेली आणि सहाव्या दिवशी मला साखरसाहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर फोटो मांडलेले, पलीकडे तोच सही न केलेला कागद, आणि विमा कंपनीचे दोघे बसलेले. माझा कोट, माझी कानटोपी, आणि खांद्यावर भरलेला गॅसचा सिलिंडर. साखरसाहेब म्हणाले, "हात छातीच्या वर जात नाही म्हणता, आणि सिलिंडर मात्र खांद्यावर जातो. हे कसं काय बुवा?"

मी फोटो हातात घेतला. नीट पाहिला. म्हटलं, "साहेब, ही माझी बायको आहे."

थंडी होती म्हणून तिने माझा कोट घातला होता. मामा, खरं सांगतो, तोवर मला माहीतच नव्हतं की सिलिंडर ती तीन जिने खांद्यावरून आणते. मला म्हणायची, खालचा दुकानदार वर पोचवून देतो. मी त्या फोटोत तिचा चेहरा बघत होतो. दात आवळलेले, एक पाय पायरीवर. त्या क्षणी साखरसाहेब गप्प बसले असते, तर आज मी जिन्याखाली बटणं निवडत असतो. पण ते हसले आणि म्हणाले, "अरे वा! मग तुमच्या जागी वहिनींनाच पाठवा की कामाला."

बाकीचे दोघेही हसले.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. त्यांचा कागद मी चार तुकडे करून चहाच्या कपात घातला, एवढं आठवतं. कोरा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या लिहिलं: 'मी स्वखुशीने नव्हे, स्वसंतापाने राजीनामा देत आहे. भरपाईवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही.' पुढे आणखी अकरा वाक्यं लिहिली. आवक खिडकीवर शिक्का मारून पोच घेतली आणि बाहेर पडलो. वकीलबाईंनी पहिल्या दोन वाक्यांबद्दल शाबासकी दिली आणि उरलेल्या अकरांबद्दल जे झापलं, ते किल्लीवाल्याने करवत थांबवून ऐकलं. (त्यातल्या चार वाक्यांत साखरसाहेबांचे वाडवडील होते.)

वकीलबाई म्हणाल्या तसंच झालं. आठवड्याचे पैसे थांबले. पहिली सुनावणी झाली. तिथल्या अधिकाऱ्यांनी साखरसाहेबांना एवढंच विचारलं, "निवडलेली बटणं परत ओतायची, हे काम कंपनीच्या नेमकं कोणत्या उपयोगाचं?" साखरसाहेबांना पहिल्यांदाच चहा आठवला नाही. फोटोही त्यांनी मागे घेतले. पण हार मानतील तर ते साखरसाहेब कसले! आता त्यांचं नवीन म्हणणं, की चाक उत्तम होतं, मीच नियम मोडून गाडीवर दुप्पट माल चढवला, तेव्हा भरपाई मुळातच देय नव्हती, दिलेलीही परत करा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोरीचे पैसेही संन्याशाकडूनच. पुढची सुनावणी येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी, सकाळी अकराला.

तर मामा, तुमचा शब्द मी घालवला असेल तर क्षमा करा. नोकरी गेली याचं मला एका तासापुरतंही वाईट वाटलेलं नाही. मामींना नमस्कार. कळावे, लोभ असावा (नसला तर निदान रक्तदाब वाढू देऊ नये).

तुमचा आज्ञाधारक (आजवर) भाचा

ता. क. : चाकाची तक्रार मी अपघाताआधी तीनदा दुरुस्तीच्या वहीत लिहिली होती. ती वही आता 'सापडत नाही'. तिन्ही तक्रारींपुढे 'पुढच्या महिन्यात बघू' असा शेरा होता आणि खाली सुपरवायझरची, म्हणजे तुमची सही. तुम्ही आपल्या मनाने तो शेरा लिहिला नाहीत, हे मला माहीत आहे. साखरसाहेब तुम्हाला म्हणाले होते, की निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत, आता कशाला लाइन बंद पाडता? मी दाराबाहेर उभा होतो. सात महिन्यांत हे मी कोणाला सांगितलेलं नाही, वकीलबाईंनासुद्धा नाही. तुमच्याबद्दल राग नाही असं लिहिणार होतो, पण तेरा वाक्यांच्या राजीनाम्यानंतर मला खोटं लिहिणं जमेनासं झालंय. त्या गुरुवारी सुनावणीला या. वही होती आणि सही तुमची होती, एवढंच सांगा.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालण्यापूर्वी तुमच्या भाचेसुनेने वाचायला मागितलं. वरची ता. क. तिने दोनदा वाचली. टपालाचा काय भरवसा, म्हणाली, आणि कोट चढवला. म्हणजे हे वाचताना ती तुमच्या समोरच्या खुर्चीवर बसलेली असेल. उत्तर लिहायची तसदी घेऊ नका, तिलाच तोंडी सांगा. तिची परतीची गाडी संध्याकाळची आहे, पण तिकीट तिने अजून काढलेलं नाही.