करंगळीची हजेरी

हळ्ळीखेड (बी), सोमवार

चिरंजीव बसवप्रभु यास तुझ्या अक्काचा, म्हणजे गंगव्वा माणिकप्पा, बी.ए. पहिलं वर्ष, हिचा भरभरून आशीर्वाद.

आम्ही इकडं खुशाल. तू, चैत्रा आणि आपली नवी बाळी मजेत असाल. बाळीची उचकी थांबली का? चैत्राला डिंकाचे लाडू खायला सांग, न्हाई म्हणाली तर माझं नाव सांग. फोनवर तू "हं, हं" करत मधेच ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहायले. पत्र पुरतं वाचावंच लागतं.

तर कॉलेजचं. ओपन स्कूलची बारावी पास झाले तेव्हा तू पेढे वाटलास, पण प्रवेशाला गेले तर तिथल्या क्लार्कनं सर्टिफिकेट पुढून बघितलं, मागून बघितलं आणि म्हणाला, "अक्का, ओपनवाले दिवाळीपर्यंत टिकतात. रोज यायची सवय नसते." माझं डोकंच फिरलं. (पंचवीस वर्षं रोज पहाटे पाचला भाकरी थापणाऱ्या बाईला हा सवय शिकवायलाय!) पहिल्याच दिवशी शिपायानं मला पालक समजून ऑफिसात नेलं, खुर्ची दिली, चहा दिला. चहा आल्यावर न्हाई कसं म्हणायचं? मग एका सरांनी संकर्षण नावाच्या पोराची गैरहजेरी अर्धा तास माझ्यापुढं मांडली. ऐकता ऐकता मलाच त्या पोराचा इतका राग आला की पानटपरीवर शोधून त्याला कान धरून वर्गात आणलं. आता तो रोज येतो आणि मला आईसारखं अव्वा म्हणतो. पण पटावर चाळीस पोरं आणि बसायलेत नऊ! ओपनवाल्यांची काळजी करणाऱ्याला रेग्युलरवाले कुठं हायेत ते कोण विचारणार?

हजेरी अंगठ्याची असते. यंत्रावर अंगठा ठेवला की हिरवा दिवा. माझ्या अंगठ्याला लालच. धुतला, पुसला, खोबरेल लावलं, नेत्रानं (माझ्या बाकावरची पोर, लई गुणाची) आपली पावडर लावून दिली. तरी लाल. भाकरी थापून थापून रेघाच गेल्यात म्हणे. पहिल्या बाकावर बसून, सरांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन मी अकरा दिवस गैरहजर! बाराव्या दिवशी भांडले. माझा आवाज तुला ठाऊक हाय. प्राचार्य बाहेर आले, एकेक बोट लावून बघितलं आणि डाव्या हाताची करंगळी पास झाली, कारण तिला जन्मात कुणी कामाला लावलेलं न्हाई. आता रोज सकाळी करंगळी वर धरून मी कॉलेजात शिरते. (पहिले चार दिवस शिपाई मला बाथरूमची वाट दाखवायचा.) तुझे दाजी तर अंगठ्याला रेघा परत याव्यात म्हणून स्वतः भाकरी करायलेत. पहिली भाकरी म्हशीनंही हुंगून सोडली, आता बऱ्या होतात.

पण ते अकरा दिवस यंत्रातून निघेनात. त्यात भर खरंच बुडालेल्या दिवसांची, तुरीच्या राशीचे चार आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूचे तीन. पंच्याहत्तर टक्के हजेरी न्हाई तर परीक्षा न्हाई. नेत्रानं मोजून सांगितलं, उरलेले सगळे दिवस गेले तर बरोबर पंच्याहत्तर. एक जरी बुडाला तर वर्ष गेलं, आणि तो क्लार्क जिंकला. तरी खरं सांगू? लई मजा यायलीय रे. बीदरचा किल्ला मी शंभरदा बसमधून बघितला असेल, तो कुणी बांधला हे चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. घरी येऊन सासूबाईंना सगळं शिकवलं. त्या झोपल्या, पण शिकवून झालं.

बाकी सगळं ठीक. चैत्राला आशीर्वाद, तिच्या घरच्यांना शरणु शरणार्थी.

तुझी,
अक्का

ता. क. बारशाचा निरोप मिळाला. पुढच्या महिन्यातला बुधवार म्हणे. बुधवारी माझे चार तास असतात. बारसं रविवारी घे. दिवस चैत्राच्या वडलांनी, बंडेप्पा अण्णांनी काढलाय हे ठाऊक हाय, पण त्यांनाच विचार, आत्या न्हाई तर बाळीच्या कानात नाव कोण सांगणार? दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी ते नाव मानणार न्हाई.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, एका दिवसापायी अक्का एवढी कामून अडून बसली. अप्पांनी तुला कधी सांगितलं नसेल. तू झालास तेव्हा मी नववीत होते. अव्वा रानात जायची, तुला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मी आठ दिवस घरी राहिले. त्या आठ दिवसांची तीस वर्षं झाली. राग न्हाई रे राजा, तू पाळण्यात हसलास की मला दुसरं काही सुचायचं न्हाई. पण बापाच्या पाळण्यापायी एकदा शाळा सुटली, आता लेकीच्या पाळण्यापायी पुन्हा सुटायला नको.

ता. क. तिसरा. रविवारी पाळण्याची दोरी तू धर. मी नाव सांगणार, जेवणार आणि चारच्या बसनं परत निघणार. सोमवारी पहिला तास इतिहासाचा हाय.