बावीस लांब दगड

बजाजनगर, औरंगाबाद
१४ फेब्रुवारी १९९४

मुंजाबादादा,

दंडवत. इकडं आम्ही सगळे बरे आहोत. सारजावहिनीचा गुडघा कसा हाय? मेंढरं सध्या कोणाच्या रानात बसवलीस? आवडा बाळंतपणाला माहेरी आली, हे मला लासूर स्टेशनच्या बाजारात तुझ्या शेजारच्या फकिरानं सांगितलं. तू कळवलं नाय. सख्ख्या चुलत्याला बाजारात कळावं, इतका मी परका झालो.

घरात वाचता येतं ते एकट्या आवडाला, तवा हे तीच वाचून दाखवील. म्हणून अक्षर नीट काढतोय.

संक्रांतीला मी पहार घेऊन आलो होतो, ते तू विसरला नसशील. मीबी नाय विसरलो. किल्लारीकडं भूकंपानं पडलेल्या गावांत अडीच महिने काम करून आलो होतो. तिथल्या इंजिनेरानं शिकवलं की जुन्या दगडी भिंतीला आरपार भोकं पाडायची, त्यात सळई आन् काँक्रीट भरायचं, म्हंजी आतली आन् बाहेरची बाजू एकमेकीला धरून राहती. आन् धाब्यावरची, म्हंजी छतावरची माती उतरवायची. तू दरसाली पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतोस, जुना कधी काढत नाय. गुडघाभर ओझं झालंय डोक्यावर.

तू चार लोकांदेखत म्हणालास, "लई शहाणा झालास व्हय? उभ्या घराला भोकं पाडतो? भूकंप तिकडं लातूरकडं झाला, आपली जमीन घट्ट हाय." फकिरा हसला. मी जेवल्याबिगर निघालो. वहिनी भाकर घेऊन रस्त्यापर्यंत आली, तीबी घेतली नाय. तवापासून साईटवर ज्याला-त्याला सांगतोय की माझा भाऊ अडमुठा हाय, कोणाचं ऐकत नाय.

पण दादा, तुझं चुकत नव्हतं. तुला वाटतं, भिंतीत दोन्ही बाजू धरून ठेवणारे आरपार दगड हायेत. कारण तू तसे आणले होतेस.

घर बांधलं त्या साली तू नाल्यातून एकेक लांब दगड निवडून गाडीत घालून आणलास. बावीस होते. पाठीला लचक भरली तरी आणत राहिलास. मग मेंढरं घेऊन गंगथडीला गेलास, आन् त्या पंधरा दिवसांत मी ते सगळे फोडले. लांब दगडाचं तोंड वेडंवाकडं दिसतं. मला दर्शनी बाजूला एकसारखे चिरे पाहिजे होते. लोक बघायला आले. तूच त्यांना धरून आणायचास, "माझ्या भावाचा हात बघा" म्हणायचास. त्या भिंतीवरून मला वाळूजला काम मिळालं आन् मी मिस्त्री झालो. आत नुसता चुरा आन् माती हाय. एकबी दगड आरपार नाय.

किल्लारीकडं असल्याच भिंती उपसल्या. बाहेरची बाजू बाहेर पडलेली, आतली आत, आन् धाबं सरळ खाली. खाली माणसं झोपली होती. सोबतचे गवंडी म्हणायचे, कोण्या हरामखोरानं बांधलं असंल. मी होकाराची मान हलवायचो.

संक्रांतीला मी गुपचूप ओळंबा लावला. मधल्या खोलीची भिंत दोन बोटं फुगलीय. तवाच सांगायचं होतं. फकिरा हसला, मला राग आला, आन् खरं सांगू का, बरंच वाटलं. रागावून निघून गेलं की काही सांगावं लागत नाय.

आता फकिरा म्हणतो, आवडाची खाट त्याच खोलीत टाकलीय, त्याच भिंतीला लावून. वारा लागू नये म्हणून झरोकाबी लिंपलाय. सव्वा महिना ती तिथं लेकराला घेऊन पडणार.

आवडा, हे तुला लिहितो, कारण वाचणारी तूच हायेस. बाळे, सगळं मोठ्यानं वाच. चुलत्याची लाज राखायला एकबी ओळ गाळू नको. बाप शिव्या देईल, देऊ दे. पण आधी खाट उचलून मेंढरांच्या गवती सपरात टाकायला लाव. चारी बाजूंनी घोंगड्या बांधा, वारा लागत नाय. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत.

मी रविवारी, साईटला सुट्टी असती तवा येतो. दादा, घरात घेऊ नको, बोलू नको, पण भिंतीला हात लावू दे.

आशीर्वाद मागायला तोंड नाय.

भिकन